सेकंड साइडला कोण होतं

गाळ्यासमोर अनोळखी गाडी थांबली की मी अकाउंटंट व्हायचे. एरवी मी लेथवर, म्हणजे लोखंड कापायच्या मशीनवर असायचे. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे. त्यात कॉम्प्युटरवर चालणारे दोन सीएनसी लेथ समोरासमोर उभे होते, एकावर नवरा आणि एकावर मी. पण बाहेर गाडीचं दार वाजलं की हातातला जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, पुरा करून मी मशीन थांबवायचे, एप्रन खिळ्याला अडकवायचे, धुण्याच्या पावडरीने हात खसाखसा घासायचे आणि कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायचे. आलेला माणूस आमच्याकडून माल घेणाऱ्या कंपनीचा असला तर नवरा त्याला सांगायचा, "या आमच्या मिसेस. अकाउंट बघतात." मी नमस्कार करायचे. टेबलाखाली पायात सेफ्टी शूज तसेच असायचे, पण टेबलाखाली कोण बघतंय!

अकाउंटमधलं मला ओ की ठो कळत नाही. ते सगळं बदलापूरचे एक सीए बघतात. मला कळतो तो लेथ. लग्नानंतर काही वर्षांनी आमचा ऑपरेटर जास्त पगारावर शेजारच्या गाळ्यात गेला. माल तर द्यायचा होता, म्हणून नवऱ्याने मला 'दोन दिवस' मशीनवर उभं केलं. जॉब कसा धरायचा, दार कसं लावायचं, हिरवं बटण कधी दाबायचं, एवढंच त्याने शिकवलं. बाकीचं मी त्याच्याशी भांडून शिकले. ते दोन दिवस काही संपले नाहीत.

आम्ही हायड्रॉलिक पाइपचे कनेक्टर बनवतो. खोदकामाच्या मशीनला जे जाड काळे पाइप असतात ना, त्यांच्या टोकाला बसणारा लोखंडी तुकडा. तो दोन्ही बाजूंनी कापावा लागतो. एका बाजूला आटे आणि भोक, ते नवरा करायचा. मग तो तुकडा माझ्याकडे यायचा आणि मी तो उलटा धरून दुसरी बाजू करायचे, म्हणजे पाइप जिथे घट्ट टेकतो तो कोन. आमच्या धंद्यात याला फर्स्ट साइड आणि सेकंड साइड म्हणतात. दिवसभरात आम्ही फार बोलायचो नाही. त्याचं सेटिंग हललं की क्रेटमधून आलेल्या जॉबवरून मला कळायचं, आणि मी काही न बोलता एक जॉब उचलून त्याच्या मशीनच्या पत्र्यावर आपटायचे. तेवढं त्याला पुरायचं. घरी कुणी माझं एवढं ऐकत नाही.

मग लपायचं कशाला, असं कुणीही विचारेल. सुरुवातीला एका कंपनीचा खरेदीवाला आला होता, त्याने मला मशीनवर पाहिलं आणि हसून म्हणाला, "अच्छा, घर का ही काम है." त्यात वाईट काही नव्हतं, पण नवऱ्याच्या ते वर्मी लागलं. पापड-लोणच्यासारखा घरगुती उद्योग नव्हता त्याचा. त्याने आयटीआय करून, दुसऱ्यांकडे घासून हा गाळा उभा केला होता, आणि तो लोकांना कंपनीसारखा दिसायला हवा होता. कंपनीत ऑपरेटर असतात, बायका नसतात. दुसरं कारण सासूबाई. त्यांचं म्हणणं एकच, "लोक काय म्हणतील? पोराने बायकोला मशीनवर उभी केली." त्यामुळे सोसायटीतल्या लोकांसाठीही मी गाळ्यातलं ऑफिसच सांभाळत होते.

सगळं त्या दोघांच्या माथी मारून मोकळं होता येतं, आणि बरीच वर्षं मी तेच केलं. पण खरं सांगायचं तर मलाही ते लपणं बरं वाटायचं. माझी बोटं बघितली की कळेल. तेल आणि कापताना लोखंड थंड ठेवणारं कूलंट कातडीच्या रेघांत जाऊन बसतं, ते साबणाने निघत नाही, लिंबाने निघत नाही, कशानेच निघत नाही. सोसायटीत हळदीकुंकवाला गेले की मला अत्तर लावून घ्यायची वेळ आवडायची, कारण तेव्हा हात उपडा धरायचा असतो. वाण घेताना मात्र ओंजळ पुढे करावी लागते, तिथे मी पदर पुढे करायचे आणि बायकांना वाटायचं, काय रीतभात आहे हिच्यात. घरातलं लग्न असलं की मी नवरीसारखी भरगच्च मेंदी काढून घ्यायचे. माझं माहेर वांगणीजवळच्या एका गावातलं, भातशेतीवालं. तिथे आईने एकदा माझा हात हातात घेऊन म्हटलं, "तुजं हात असं कालं कशे झालं गो बाय? भांरी घासाला बाई ठेव." मी म्हटलं, ठेवते. आईच्या हाताला चिखलाच्या भेगा आहेत, तिने त्या कधी कुणापासून लपवल्या नाहीत. मीच कुठून ही लाज शिकले, देव जाणे.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि माल घेणाऱ्या कंपनीने मागणी वाढवली. त्याच कनेक्टरचे तीन आकार हवे होते आणि महिन्याला जवळपास दुप्पट माल. दोन लेथवर ते होण्यासारखं नव्हतं. नवरा कॅटलॉग घेऊन आला.

मशीन निवडायचं काम आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर चालायचं. गाळ्यात तो मालक आणि मी अकाउंटंट असले तरी घरी या बाबतीत आम्ही बरोबरीचे होतो. उलट तो माझ्याशिवाय पाऊल टाकत नसे, हे सांगायला हवं. मी मेथी निवडत असायचे आणि तो समोर कागद पसरून बसायचा. रस्ते तीन होते. एक, आहेत तसेच आणखी दोन साधे लेथ घ्यायचे आणि माणसं ठेवायची. दुसरा, दोन स्पिंडलचं एकच मशीन घ्यायचं. स्पिंडल म्हणजे जॉब धरून गरागरा फिरणारा भाग. साध्या लेथला तो एकच असतो, म्हणून जॉब काढून दुसऱ्या मशीनवर उलटा लावावा लागतो. दोन स्पिंडलच्या मशीनमध्ये समोरून दुसरा स्पिंडल पुढे येतो, पहिल्याच्या तोंडातला जॉब आपल्या तोंडात धरतो, आणि दुसरी बाजू तिथल्या तिथे कापली जाते. माणसाचा हात लागत नाही. तिसरा रस्ता याच्याही पुढचा, दोन स्पिंडल आणि दोन टरेट. टरेट म्हणजे हत्यारं लावलेलं चाक. चाक एकच असेल तर एका वेळी एकच बाजू कापली जाते, दुसरी बाजू वाट बघत बसते. दोन असतील तर दोन्हीकडे एकदमच काम चालतं.

"म्हणजे फर्स्ट साइड, सेकंड साइड, सगळं एकाच दाराआड," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "सळई मागून आपोआप सरकते. पुढून तयार जॉब खाली पडतो. माणसाने फक्त सळई भरायची नि जॉब मोजायचा."

"आणि बंद पडलं तर?" मी विचारलं.

"नवीन मशीन कशाला बंद पडेल?"

"पडतात. आज एक लेथ बसला तर दुसरा चालतो. हे बसलं की सगळंच बसणार. आणि दोन टरेट आतल्या आत एकमेकांवर आपटले म्हणजे? त्याची दुरुस्ती कोण करणार, तुम्ही?"

तो कॅटलॉग पुन्हा चाळायला लागला. माझे मुद्दे बिनतोड होते, आणि आजही आहेत. या धंद्यातला कुणीही शहाणा माणूस हे प्रश्न विचारेल. पण ते मी विचारत होते वेगळ्याच कारणासाठी. त्या कॅटलॉगमधल्या चित्रात दुसरा स्पिंडल जिथे पुढे सरकत होता, ती जागा माझी होती. मला हे दिसत होतं आणि त्याला दिसत नव्हतं, की दिसूनही तो बोलत नव्हता, कुणास ठाऊक. मी एका लोखंडी यंत्रावर जळत होते. सवतीवर जळावं तसं. हे कुणाला सांगायचं? म्हणून मी मेथीच्या काड्या मोडत दुरुस्तीचं बोलत राहिले आणि साध्या लेथची बाजू लावून धरली.

मशीनच्या कंपनीने आमच्या जॉबचे वेळ मागितले. फर्स्ट साइड कापायला किती सेकंद लागतात, सेकंड साइडला किती, त्यावरून ते हिशोब मांडून सांगणार होते की कुठलं मशीन परवडेल. नवऱ्याने आधी स्वतःचा वेळ घेतला, मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.

कारखान्यात वेळ मोजायला माणूस आला की कामगार हात सावकाश चालवतो, ही जगाची रीत आहे. मोजलेला वेळ मानेवर बसतो हे त्याला ठाऊक असतं. मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी उलट केलं. लेथला एक नॉब असतो, त्याने कापायचा वेग वाढवता येतो. मी तो शंभर टक्क्यांवर ठेवत असे. त्या दिवशी नवरा मोबाइलकडे बघत असताना मी तो हळूच पुढे सरकवला. मला दाखवायचं होतं की माझी बाजू किती झपाट्याने होते, माझ्यासाठी नवं यंत्र आणायची गरजच काय! मशीन जरा ओरडलं, मी चेहरा सरळ ठेवला. दहा-बारा जॉब मी तसेच काढले. त्याने आकडे लिहून घेतले, माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाला, "मस्त." मी तेवढ्यावर फुशारले. हत्याराची धार मात्र त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आतच गेली.

मग आम्ही डेमो बघायला नवी मुंबईला गेलो. मी ठेवणीतला ड्रेस घातला होता. शोरूममध्ये फरशी इतकी स्वच्छ की तिथे लोखंड कापतात यावर विश्वास बसू नये. त्यांचा इंजिनियर तरुण होता, बोलायला गोड. त्याने लॅपटॉप उघडला आणि आमच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"सर, तुमची सेकंड साइड एकदम फास्ट आहे. म्हणजे खरा लोड फर्स्ट साइडला. सिंगल टरेट घेतलं तर फर्स्ट साइड आहे तेवढीच राहणार, वर तोच टरेट सेकंड साइडला पण पळणार. तुमच्यासाठी ट्विन टरेटच बरोबर आहे. वरचा बाहेरून कापेल, त्याच वेळी खालचा आतून ड्रिल मारेल, आणि सेकंड साइड तर मधल्या मध्ये होऊन जाईल. समझो, उसका टाइम ही नहीं लगेगा."

मी ज्या आकड्याने स्वतःची जागा राखायला गेले होते, त्याच आकड्याने त्याने मला बाहेर काढलं. तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला त्या थंडगार शोरूममध्ये कळलं. मी नॉब फिरवला होता हे तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. त्या परक्या मुलासमोर ते बोलायची माझी छाती झाली नाही.

"मॅनपॉवरचं सेव्हिंग पण काढू," तो पुढे म्हणाला. "सेकंड साइडला आता कोण आहे, सर?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मध्ये हातभर अंतर होतं.

"आहे एक हेल्पर," नवरा म्हणाला.

इंजिनियरने ते टाइप केलं. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर एसीत बसा ना. इथे आवाज होईल. चहा पाठवतो."

मी वर जाऊन बसले. चहा आला, बिस्किटं आली. वरच्या काचेतून खाली मशीन दिसत होतं. त्यांनी आमचाच जॉब लावला होता. दोन चाकं एकदम कामाला लागली, एक वरून, एक खालून, आणि पांढऱ्या कूलंटच्या धारांत कुठलं काय करतंय ते डोळ्यांना टिपता येईना. मग दुसरा स्पिंडल पुढे आला. पहिला फिरतच होता. दुसराही त्याच वेगाने फिरायला लागला आणि फिरता फिरताच त्याने जॉब धरला, पंगतीत एकाच्या हातातलं ताट दुसऱ्याने न सांडता घ्यावं तसा. मी हातातलं बिस्किट तसंच धरून बसले होते. जॉब पडावा, निसटावा, काहीतरी व्हावं, असं मला मनापासून वाटत होतं. घरातला पैसा, नवऱ्याची उमेद, पोरांचं शिक्षण, सगळं त्या मशीनवर उभं राहणार होतं आणि मी देवाकडे मागत काय होते, तर ते बिघडावं! एवढी मी खालच्या पातळीला गेले होते. जॉब काही पडला नाही.

खाली आल्यावर त्याने गरम जॉब माझ्या हातात ठेवला, पाहुण्यांना पेढा द्यावा तसा. मी कोनावरून नख फिरवलं. एकदा, परत एकदा. दोन्ही बाजू एका सरळ रेषेत होत्या. उलटा धरताना माझ्या हातून केसाएवढा फरक कधीतरी राहायचा, इथे तो राहण्याचा प्रश्नच नव्हता. खोट काढायची म्हणून मी शोधत होते आणि मला खोट सापडत नव्हती.

परतताना गाडीत काटई नाक्यापाशी मी तोंड उघडलं.

"हेल्पर?"

"अगं, काय सांगणार होतो त्याला? बायको आहे म्हणून?"

"का? बायको नाहीये मी?"

"तसं नाही गं. तो सगळीकडे सांगत सुटला असता. कंपनीवाले म्हणतील, यांच्याकडे ट्रेंड माणूस नाही, बायको उभी राहते." थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "तुला पाहिजे तर उद्या फोन करून सांगतो. खरंच सांगतो. आजपासून सगळ्यांनाच सांगतो."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. स्टिअरिंगवरच्या त्याच्या मुठी मला दिसत होत्या, त्याही काळ्याच होत्या. मी 'हो' म्हणायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढे सोसायटीतल्या बायका आल्या, माझी पुढे न केलेली ओंजळ आली, आणि मी फणकाऱ्याने म्हणाले, "काही नको. आता काय उपयोग? तेवढ्यासाठी कुणाचे उपकार नकोत मला."

"मग मशीनचं काय करायचं? तू सांगशील ते."

"दोन टरेटवालंच घ्या," मी म्हणाले. "चांगलं आहे ते."

घरी आल्यावर मी त्याला नॉबचं सांगितलं. तो पोट धरून हसला. नॉब शंभरावर असतानाचे आकडे घेऊन त्याने पुन्हा हिशोब मांडला, तरी निवड तीच निघाली, फक्त फरक जरा कमी दिसला. म्हणजे माझ्या लबाडीने वाकडं असं काही झालं नाही. तरी त्याच्या त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला ती गंमत वाटली होती. मी कशासाठी केलं ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नवं मशीन लांबलचक होतं, वर मागे सळया सरकवणारा फीडर. जागा करायला एक जुना लेथ काढणं भाग होतं. कुठला काढायचा यावर चर्चा झालीच नाही. माझाच गेला. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने घेतला. जायच्या आदल्या दिवशी मी त्याची टाकी स्वतः साफ केली, काचा पुसल्या, जॉब पकडणाऱ्या चकच्या खाचांतला चुरा ब्रशने काढला. नवरा म्हणाला, "अगं, विकलाय तो. कशाला जीव काढतेस?" मी म्हटलं, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून.

नव्या मशीनच्या पूजेला सासूबाई नवी नऊवारी नेसून आल्या. मी मशीनच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "आता सुनेच्या जीवाला आराम पडला." लोक माझं अभिनंदन करत होते. मशीनवर सळया भरायला दोन पाळ्यांना दोन माणसं ठेवली. माझ्यासाठी काचेची केबिन होतीच. तिथे मी खरोखरच अकाउंटंट होऊन बसले, बिलं लावायला शिकले, चुकीची लावली, पुन्हा शिकले. काचेआड मशीनचा आवाज मंद यायचा. माझ्या बोटांच्या रेघा हळूहळू उजळल्या. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ओंजळ पुढे केली. कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. एवढी वर्षं जिच्यासाठी जीव मुठीत धरला, ती ओंजळ कुणी बघतच नव्हतं!

आणि मग मागच्या महिन्यात माल घेणाऱ्या कंपनीची बाई आली.

ती त्यांच्या क्वालिटीमध्ये नव्याने लागलेली, तिशीतली, कानात साधे खडे, पायात माझ्याकडे होते तसेच सेफ्टी शूज. आमचा माल नापास झाला नव्हता. मापं चोख होती, जुन्या मालापेक्षा चोख, हे तिने आधीच सांगितलं. नवऱ्याने चहा मागवला. मी केबिनमध्ये होते, त्याने मलाही बोलावलं. "या आमच्या मिसेस," तो म्हणाला, आणि पुढचं काही बोलला नाही.

"एक छोटीशी गोष्ट आहे, सर," ती म्हणाली. "ड्रॉइंगमध्ये नाहीये, म्हणून कंप्लेंट नाही म्हणता येणार. आमच्या असेंब्लीला सगळ्या बायका आहेत. त्या म्हणतात, नवीन कनेक्टर हाताला लागतात." तिने पिशवीतून दोन जॉब काढून टेबलावर ठेवले, एक नवा आणि एक जुना. "हा जुना बघा. याच्या कडेवरून बोट फिरवलं तरी काही होत नाही. आमच्या बायका तुमचे बॉक्स आधी उचलायच्या, दुसऱ्या सप्लायरचे नंतर. आता बोटाला पट्ट्या लावून बसतात."

मी जुना जॉब उचलला. कापल्यावर कडेला धातूची बारीक कुसळं राहतात. ती मापात येत नाहीत, दिसतही नाहीत. जॉब काढला की मी कडेवरून एकदा कानस फिरवायचे आणि मग अंगठ्याने चाचपायचे. कुणी सांगितलं नव्हतं. माझंच बोट दोन-तीनदा कापलं होतं, तेव्हापासूनची सवय. नव्या मशीनमध्ये जॉब कापला जातो आणि थेट खाली पडतो. माझा अंगठा आपोआप त्या कडेवर गेला आणि मी तो पटकन काढून घेतला.

"आधी सेकंड साइडला कोण होतं?" तिने विचारलं. तिला हिशोब काढायचा नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "त्यांना बोलवा ना, सर. तुमच्या नवीन माणसांना एवढं एक दाखवून देतील. आमच्याकडे पण आणा त्यांना, बायकांना बरं वाटेल. हे कोण करायचं म्हणून त्या नेहमी विचारतात."

नवरा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. मला कळलं तो काय बोलणार ते. एवढ्या वर्षांत जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते आता निघत होतं, त्याचा हातसुद्धा माझ्या दिशेने अर्धा वर आला होता.

"मॅडम, अहो, ही..."

"एक ऑपरेटर होता," मी म्हणाले. "गावाला गेला."

का म्हणाले? त्या घटकेला मला एवढंच दिसलं की ती बाई आता माझ्याकडे वळेल, तिचे डोळे मोठे होतील, आणि ती विचारेल की मग तुम्ही केबिनमध्ये काय करताय. तिच्या पायात तेच शूज होते आणि ते तिने कुणापासून लपवलेले नव्हते. मला तिच्यासमोर माझी लाज वाटली. कामाची नाही, कामाची लाज वाटत राहिली त्याची लाज. एकदम तोंडाला आलं ते बोलून गेले.

नवऱ्याचा हात खाली आला. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही.

"परत येणार नाहीत का ते?" तिने विचारलं.

"नाही."

"अरेरे." ती खरंच हळहळली. जुना जॉब तिने पिशवीत परत ठेवला, नवा आमच्यासाठी टेबलावर ठेवला. "फोन झाला तर आमच्या बायकांकडून थँक्यू सांगा त्यांना."

"सांगते," मी म्हणाले, आणि चहाचे कप उचलायला लागले.